पडीक बागेची ट्रॅक्टरचलित मशागत

पडीक बागेची ट्रॅक्टरचलित मशागत म्हणजे काही वर्षे लागवडीवाचून राहिल्यामुळे गवत, झुडपे व बहुवर्षायू तणे यांनी व्यापलेली बागेची जमीन ट्रॅक्टरमागे जोडलेल्या अवजारांनी मोडून ती पुन्हा लागवडीयोग्य करणे होय. या कामासाठी मुख्यतः नांगर, तव्यांचा कुळव, कल्टिव्हेटर व रोटाव्हेटर ही अवजारे वापरली जातात.

दरवर्षी कसल्या जाणाऱ्या शेताची मशागत आणि पडीक जमिनीची मशागत यांच्या हेतूंत फरक आहे. कसत्या शेतात पेरणीपुरती भुसभुशीत माती मिळाली की काम भागते. पडीक जमिनीत मात्र मुळांचे, भूमिगत खोडांचे व गाठींचे जाळे पसरलेले असते. ते तोडणे, वर आणणे आणि वाळवून निर्जीव करणे हा मशागतीचा पहिला हेतू असतो. त्यामुळे माती किती बारीक होते, यापेक्षा तणांच्या मुळांचे काय होते या कसोटीवर अवजार निवडावे लागते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील काही गुंठ्यांपासून दोन-तीन एकरांपर्यंतच्या बागांचा विचार केला आहे.

## संज्ञा

पेरणी किंवा लागवडीपूर्वी जमीन तयार करण्याच्या कामांना पूर्वमशागत म्हणतात. तिच्यात नांगरणी, ढेकळे फोडणे, कुळवणी व सपाटीकरण यांचा समावेश होतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कुळव म्हणतात, त्याच प्रकारच्या अवजाराला विदर्भ व मराठवाडा या भागांत वखर म्हणतात. जमिनीत मशागतीस योग्य एवढाच ओलावा असण्याच्या स्थितीला वाफसा ही संज्ञा आहे.

ट्रॅक्टरमागील अवजारांचे जोडणीनुसार तीन प्रकार होतात. केवळ कडीला अडकवून ओढले जाणारे अवजार स्वतःच्या चाकांवर अथवा तव्यांवर चालते. दुसऱ्या प्रकारचे अवजार ट्रॅक्टरच्या तीन-बिंदू जोडणीवर बसवलेले असते व हायड्रॉलिक दाबाने उचलता येते. तिसऱ्या प्रकारात अवजाराला ट्रॅक्टरच्या इंजिनाकडून फिरती शक्तीही मिळते. ही शक्ती ज्या दांड्यातून मिळते त्याला पीटीओ शाफ्ट म्हणतात. नांगर व कल्टिव्हेटर सामान्यतः दुसऱ्या, तर रोटाव्हेटर तिसऱ्या प्रकारात मोडतो.

## इतिहास

महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत खोल नांगरट करण्यासाठी पूर्वी जड लाकडी नांगराला चार ते आठ बैल जुंपावे लागत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. प्रारंभी शेतकऱ्यांनी या नांगराकडे संशयाने पाहिले, तथापि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची स्थापना झाल्यावर नांगरांचे उत्पादन तेथे वाढले.

फिरत्या पात्यांच्या अवजाराचे श्रेय ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांना दिले जाते. त्यांनी १९१२ साली न्यू साउथ वेल्समध्ये प्रयोग सुरू केले व १९२० साली पेटंट घेतले. ‘रोटाव्हेटर’ हे त्याचे व्यापारी नाव पुढे सामान्यनाम झाले. रोमन लिपीत हे नाव उलट दिशेने वाचले तरी तेच राहते. आयर्लंडमध्ये जन्मलेले हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ साली पेटंट घेतलेल्या रचनेतून आजची तीन-बिंदू जोडणी विकसित झाली. त्यामुळे अवजार ट्रॅक्टरचाच भाग असल्याप्रमाणे उचलणे व त्याची खोली राखणे शक्य झाले.

तणांनी बळकावलेली जमीन यंत्राने मोडण्याचा मोठा प्रयत्न भारतात स्वातंत्र्यानंतर लगेच झाला. मध्य भारतातील विस्तीर्ण क्षेत्र कांस या खोल मुळांच्या गवताने व्यापले होते. ते मोडण्यासाठी १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन करण्यात आली, आणि १९४९ साली जागतिक बँकेने याच कामाच्या यंत्रसामग्रीसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जड पट्टा-ट्रॅक्टरांनी कोरड्या हंगामात खोल नांगरट करून मुळे उन्हात वाळवणे, हे त्या कामाचे सूत्र होते. लहान बागेतही तेच लागू पडते.

## तणांचा स्वभाव

अवजार ठरवण्यापूर्वी जमिनीत कोणते तण आहे हे ओळखावे लागते, कारण एकाच अवजाराचा परिणाम निरनिराळ्या तणांवर निरनिराळा होतो.

* हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन) : हिची खोडे जमिनीवर व जमिनीखालीही पसरतात. पेर असलेला लहानसा तुकडाही ओलावा मिळताच फुटतो.
* लव्हाळा (सायपेरस रोटुंडस) : यालाच नागरमोथा म्हणतात. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. वरचा पाला कापल्याने तो मरत नाही, उलट सुप्त गाठी जाग्या होतात. गाठी उघड्यावर वाळल्यास मात्र मरतात.
* कुंदा : भारी काळ्या जमिनीतील चिवट बहुवर्षायू गवत. त्याची भूमिगत खोडे खोलवर जात असल्याने उथळ मशागतीचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.
* गाजरगवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) : १९५० च्या दशकात पुणे परिसरातून याची भारतात नोंद झाली. त्याचा प्रसार बियांनी होतो. फुलोऱ्यापूर्वी कापून गाडल्यास ते खत होते, बी धरल्यानंतर गाडल्यास मात्र पुढील अनेक हंगामांची बेगमी होते. त्याच्या संपर्काने त्वचेचे विकार होतात, म्हणून हातमोजे आवश्यक असतात.
* घाणेरी व वेडी बाभूळ : ही झुडपे बुंध्यातून पुन्हा फुटतात. त्यांची खोडे अवजाराने मोडू नयेत. आधी कापून बुडखे खणून काढावे लागतात.

## जमिनीची पूर्वपाहणी

पाहणीचा पहिला भाग म्हणजे पायी फिरून केलेली तपासणी. पडीक बागेत गवताखाली जुन्या तारा, काचा, दगड, ठिबक सिंचनाच्या नळ्या, पाइपलाइन, बांधाचे अवशेष व क्वचित कठडा नसलेली विहीरही दडलेली असते. गवत कापल्याशिवाय ट्रॅक्टर आत नेऊ नये. अशा जागी साप व मधमाश्यांची पोळी आढळण्याचा संभव असल्याने कापणी एका बाजूने, सावकाश व पायांत उंच बूट घालून करावी.

दुसरा भाग मातीचा. तीन-चार ठिकाणी कुदळीने सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन मुळे किती खोल आहेत, दगड किती आहेत आणि खाली कठीण थर आहे काय, हे पाहावे. वाफसा तपासण्यासाठी मूठभर माती दाबून गोळा करतात. कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे, तो चपटा झाला तर जमीन ओली आहे आणि गोळाच होत नसेल तर ती कोरडी आहे.

तिसरा भाग जिवंत झाडांचा. जुन्या बागेतील आंबा, चिकू, पेरू अशी झाडे राखायची असल्यास त्यांच्या फांद्यांच्या घेराखाली खोल नांगरट करू नये, कारण अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात. झाडे तोडायची असल्यास महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन अधिनियम आणि नागरी क्षेत्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. त्यामुळे आवश्यक तेथे पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

## अवजारांचे प्रकार

### पलटी नांगर

फाळाने मातीचा पट्टा कापून वक्र पत्र्याने तो उलथवणारा हा नांगर सामान्यतः २० ते ३० सेंटिमीटर खोल जातो. वरचे गवत खाली गाडले जाते व खालची मुळे वर येतात, म्हणून हरळी, लव्हाळा व कुंदा यांच्यासाठी तो सर्वांत उपयुक्त ठरतो. दोन्ही बाजूंना फाळ असलेला नांगर तासाच्या शेवटी उलटा करता येतो व सर्व माती एकाच बाजूला पडते. त्यामुळे शेतात मधोमध उंचवटा किंवा सरी उरत नाही. मोठे दगड व जाड मुळे यांत मात्र फाळ अडकतो किंवा मोडतो.

### तव्यांचा नांगर

यात ६० ते ७० सेंटिमीटर व्यासाचे अंतर्वक्र पोलादी तवे तिरके बसवलेले असतात. तवा फिरत असल्याने दगड किंवा मूळ आडवे आले तर तो त्यावरून चढून पुढे जातो. कोरड्या, कठीण, दगडाळ अथवा मुळे राहिलेल्या जमिनीत तो पलटी नांगरापेक्षा सुरक्षित असतो. गवत पूर्णपणे गाडण्यात तो उणा पडतो.

### तव्यांचा कुळव

लहान तव्यांच्या दोन रांगा असलेले हे अवजार नांगरटीनंतर ढेकळे फोडण्यास वापरतात. एका बाजूला सरकवून चालवता येणारा प्रकार फळबागेत विशेष सोयीचा असतो, कारण ट्रॅक्टर फांद्यांबाहेर ठेवून झाडाखालील भाग उथळ कुळवता येतो. हरळीच्या जमिनीत तव्यांनी खोडांचे तुकडे होतात, हा त्याचा दोष आहे.

### कल्टिव्हेटर

लोखंडी चौकटीवर पाच, सात, नऊ किंवा अधिक फण बसवलेले हे अवजार सुमारे १० ते १५ सेंटिमीटर खोल जाते. स्प्रिंगच्या फणांचा प्रकार दगड लागल्यास मागे झुकतो व मोडत नाही. न नांगरलेल्या पडीक जमिनीत त्याचे फण गवतात गुंततात. नांगरटीनंतर मात्र तो दाताळ्याप्रमाणे हरळीची खोडे न तोडता ओढून वर आणतो. वेचणीच्या कामात त्याची जागा दुसरे अवजार घेऊ शकत नाही.

### रोटाव्हेटर

पीटीओवर चालणाऱ्या आडव्या दांड्यावर बसवलेली वाकडी पाती माती कापून मागील पत्र्यावर आपटतात व तिचा चुरा करतात. खोली सुमारे १० ते १५ सेंटिमीटर असते. एका फेरीत पेरणीयोग्य माती तयार होते, हा त्याचा मोठा गुण आहे. पाती बहुधा चाकांच्याच दिशेने फिरत असल्याने कठीण जमिनीत ती आत न शिरता ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, आणि अवजार उड्या मारू लागते.

### सबसॉयलर

एका मजबूत उभ्या फणाने ४५ सेंटिमीटर किंवा अधिक खोलीवरील कठीण थर तडकवणारे हे अवजार आहे. ते कोरड्या जमिनीतच उपयोगी पडते. ओल्या जमिनीत थर तडकत नाही, केवळ एक चीर पडते. पूर्वपाहणीत कठीण थर आढळला तरच त्याचा विचार करावा.

## ट्रॅक्टरची शक्ती व अवजाराचा आकार

नांगराला लागणारी ओढ ही कापल्या जाणाऱ्या मातीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर व मातीच्या विरोधावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, प्रत्येकी ३० सेंटिमीटर रुंदीच्या दोन फाळांनी २० सेंटिमीटर खोल नांगरल्यास छेद १,२०० चौरस सेंटिमीटर होतो. भारी जमिनीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलो धरला तर ओढ ९६० किलो येते. ताशी ५.४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.५ मीटर वेगाने ही ओढ देण्यास सुमारे १९ अश्वशक्ती लागते. इंजिनाची सर्व शक्ती ओढीत उतरत नाही, बराच भाग चाके घसरण्यात व यंत्रणेत खर्च होतो. म्हणून प्रत्यक्षात ३० ते ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आवश्यक ठरतो.

शक्तीइतकेच वजन महत्त्वाचे असते. सामान्य शेतजमिनीत ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओढ सहसा देऊ शकत नाही. सुमारे ८०० किलो वजनाच्या लहान ट्रॅक्टरला म्हणूनच एकच फाळ व १५ सेंटिमीटरच्या आसपासची खोली योग्य असते. जास्त खोली हवी असल्यास एकाच जागी दोनदा नांगरावे. लहान ट्रॅक्टरला मोठे अवजार जोडल्यास पुढची चाके हलकी होऊन उचलली जाण्याचा धोका असतो.

वळणाला लागणारी जागाही मोजावी लागते. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा साधारण ३२ मीटर लांब-रुंद असतो. मोठा ट्रॅक्टर व अवजार वळवण्यास दोन्ही टोकांना पाच-पाच मीटर सोडावे लागले, तर ३२ पैकी १० मीटर, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश क्षेत्र वेगळे आडवे नांगरावे लागते आणि चाकांखाली दाबलेही जाते. त्यामुळे लहान व झाडे असलेल्या बागेत मिनी ट्रॅक्टर व साधारण एक मीटर रुंदीचे अवजार सोयीचे ठरते.

अमेरिकेसारख्या देशांत घरामागील बागेसाठी गवत कापण्याच्या छोट्या ट्रॅक्टरला किंवा चारचाकी मोटारसायकलला जोडायचे, स्वतःचे इंजिन असलेले ओढ-रोटाव्हेटर मिळतात. त्यांत ओढणाऱ्या वाहनावर फिरत्या पात्यांचा भार येत नाही. तथापि अशी हलकी वाहने जमिनीत घुसणाऱ्या जड अवजारांसाठी बनवलेली नसतात, आणि न मोडलेल्या जुन्या गवताळ जमिनीत त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

## कामाचा क्रम

१. कापणी : गवत व झुडपे बी धरण्यापूर्वी कापून बाहेर काढावीत. बी नसलेला पाला कंपोस्ट खताला वापरावा. जाळल्याने जमिनीखालील गाठी व खोडे मरत नाहीत आणि सेंद्रिय पदार्थ वाया जातो.

२. पहिली नांगरट : हलक्या व मध्यम जमिनीत मार्च-एप्रिलमध्ये करता येते. भारी काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते. म्हणून ती जानेवारी-फेब्रुवारीत, थोडी ओल असतानाच नांगरून ढेकळे तशीच तापू द्यावीत.

३. तापणे : दोन ते तीन आठवडे जमिनीला हात लावू नये. पडीक जमीन मोडण्यात उन्हाचे काम अवजाराच्या कामाइतकेच महत्त्वाचे असते.

४. आडवी नांगरट व वेचणी : पहिल्या नांगरटीच्या काटकोनात पुन्हा नांगरून कल्टिव्हेटर चालवावा. वर आलेली हरळीची खोडे व लव्हाळ्याच्या गाठी वेचून बाहेर काढाव्यात.

५. पहिल्या पावसानंतर : उगवलेले तण वाफशावर कुळवून मोडावे.

६. अखेरची मशागत : तणांचा जोर ओसरल्यावरच, आवश्यक असल्यास, रोटाव्हेटर चालवावा व फळी मारून जमीन सपाट करावी.

७. आच्छादन : पहिल्याच हंगामात जमीन मोकळी न ठेवता ताग किंवा धैंचा दाट पेरावा व फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, आणि हिरवळीचे खतही मिळते.

उताराच्या जमिनीत सर्व कामे उतारास आडवी करावीत, अन्यथा मोकळी झालेली माती पहिल्याच वळवात वाहून जाते.

## रोटाव्हेटरच्या वापराविषयी

पडीक बाग मोडताना सर्वाधिक होणारा प्रमाद म्हणजे पहिल्याच फेरीत रोटाव्हेटर चालवणे. गवताळ जमीन तासाभरात मऊ व स्वच्छ दिसू लागते आणि खर्चही एकाच फेरीचा येतो, त्यामुळे हा मोह स्वाभाविक आहे. परंतु हरळीच्या एका खोडाचे पाती अनेक तुकडे करतात आणि लव्हाळ्याच्या माळेतील गाठी सुट्या होऊन सर्वत्र पसरतात. हे तुकडे ओलसर मातीत सारख्या अंतरावर पुरले जातात, म्हणजे एका अर्थी तणांची लागवडच होते. पावसानंतर कोपऱ्यातील तणही संपूर्ण क्षेत्रात उगवते व पुढील अनेक वर्षे खुरपणीचा खर्च वाढतो. पाती स्वच्छ न करता तेच अवजार दुसऱ्याच्या शेतात गेल्यास तण तेथेही पोहोचते.

याशिवाय एकाच खोलीवर, विशेषतः ओल्या जमिनीत, वारंवार रोटाव्हेटर चालवल्यास पात्यांच्या तळाशी माती दाबली जाऊन कठीण थर तयार होतो. अतिबारीक झालेली माती पावसाच्या माराने थापली जाते व तिच्यावर पापडी धरते. त्यामुळे पाणी मुरण्यास व रोपांच्या उगवणीस अडथळा येतो.

हे दोष अवजाराचे नसून त्याच्या क्रमाचे आहेत. ज्या बागेत केवळ गाजरगवतासारखी बियांनी वाढणारी तणे आहेत व ती फुलोऱ्यापूर्वी कापली आहेत, तेथे रोटाव्हेटर लवकर वापरण्यास हरकत नसते.

## सुरक्षितता

पीटीओ शाफ्टचा प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे एवढा असतो. धोतर, साडीचा पदर, ओढणी किंवा उपरणे त्यात गुंतल्यास माणसाला सावरण्यास अवधी मिळत नाही. म्हणून शाफ्टवरील संरक्षक नळी काढू नये आणि पात्यांत अडकलेले गवत किंवा तार इंजिन पूर्ण बंद केल्यावरच काढावी. अवजार खोल जावे म्हणून त्यावर माणूस बसवण्याची किंवा उभा करण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते, ती अत्यंत धोकादायक आहे. वजन हवे असल्यास घट्ट बांधलेले दगड किंवा वाळूची पोती वापरावीत. विहीर, बांध व ओढ्याच्या काठापासून पुरेसे अंतर ठेवावे. मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे.

## पर्याय व मर्यादा

वर्षातून एकदाच लागणारे अवजार विकत घेण्यापेक्षा ट्रॅक्टर व अवजारे भाड्याने घेणे लहान बागायतदारास परवडते. २०१४-१५ पासून राबवल्या जाणाऱ्या केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारांसाठी अनुदानाची व भाडे केंद्रे उभारण्यास साहाय्याची तरतूद आहे. भाडे ठरवताना केवळ तासांचा दर न पाहता कोणते अवजार, किती खोली व किती फेऱ्या हे आधी ठरवून घ्यावे.

कोकण व गोव्यातील जांभ्या दगडाच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या लहान तुकड्यांत मोठा ट्रॅक्टर पोहोचतच नाही. तेथे पॉवर टिलर किंवा कुदळ-फावडे हाच मार्ग उरतो. एक-दोन गुंठ्यांच्या परसबागेतही यंत्राऐवजी हाताने खणणे अधिक परिणामकारक ठरते, कारण खणणारा प्रत्येक गाठ पाहून काढू शकतो. जेथे तीव्र उतार आहे किंवा मातीचा थर अगदी पातळ आहे, तेथे संपूर्ण क्षेत्र न नांगरता केवळ झाडांसाठी खड्डे घेऊन मधले गवत कापत राहणे जमिनीच्या दृष्टीने हितावह असते.

## हेही पाहा

* नांगर
* कुळव
* हरळी
* लव्हाळा
* हिरवळीचे खत
* मृदा संधारण